चालत आलात की ट्रॉलीने?



आजचा पाठ : भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक १४ ते १९, आणि त्यावरची ज्ञानेश्वरी. विषय आहे तप.

खरं तर यज्ञाच्या श्लोकांवर अजून एक दिवस थांबायचा विचार होता. पण रविवारी वणीच्या गडावर, सप्तशृंगीला जाऊन आलो आणि तिथे ऐकलेला एक प्रश्न डोक्यातून जाईना. बिनकष्टाचं दर्शन लागू पडतं का, हा तो प्रश्न. 'लागू पडणं' हे आमच्याकडे औषधाबद्दल म्हणतात. गोळी घेतली, पण लागू पडली नाही. दर्शनाबद्दल हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला, आणि ज्यांनी वापरला त्यांनी अगदी काळजीने वापरला होता.

आम्ही पाच जण शेवगावचे, दहावीपर्यंत एका वर्गातले. दोघं आता पुण्यात, तिघं गावातच. वर्षातून एकदा मिळून कुठल्यातरी डोंगरावरच्या देवाला जायचं, हा बऱ्याच वर्षांचा नेम. मढी, मायंबा, मोहटादेवी हे तर घरचेच डोंगर. नवनाथांच्या पोथीत मच्छिंद्रनाथांना शाबरी विद्येसाठी सप्तशृंगीचा कृपाप्रसाद मिळाल्याची कथा आहे, त्यामुळे नाथांच्या आमच्या मुलखातून वणीला जाणं तसं परकं नाही. यंदा ठरलं की नांदुरीत उतरायचं आणि पायी चढायचं. नांदुरीपासून गडावरच्या गावापर्यंत साधारण दहा किलोमीटरचा घाटरस्ता आहे. एसटी जाते, जीप जातात. जुनी पायवाटही आहे. गावातून पुढे देवीच्या कपारीपर्यंत पाचशेच्या आसपास पायऱ्या, आणि २०१८ पासून त्या पायऱ्यांना पर्याय म्हणून रुळांवरून चढणारी फ्युनिक्युलर ट्रॉली. म्हणजे ठरवलंच तर माणूस आपल्या दारात गाडीत बसून जवळजवळ देवीच्या दारात उतरू शकतो.

आम्ही चौघं चाललो. पाचवा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, त्याला आम्ही सगळे सरच म्हणतो. त्याच्याबरोबर त्याची आई होती. काकूंचं वय सत्तरच्या पुढे, दोन्ही गुडघे गेलेले. त्यामुळे ते दोघं घाट गाडीने आणि पायऱ्या ट्रॉलीने आले. वर भेटलो तेव्हा आमच्यातला मेडिकलवाला घाम पुसत म्हणाला, "सर, आमचं दर्शन फुल रेटचं, तुमचं डिस्काउंटमधलं!" सगळे हसले. सरही हसला. काकू हसल्या नाहीत.

उतरताना काकूंची पिशवी माझ्याकडे होती, म्हणून मी त्यांच्याबरोबर ट्रॉलीच्या रांगेत थांबलो. तेव्हा त्यांनी विचारलं. "तू रोज पोथी वाचतोस बाळा, म्हणून विचारते. नवीन लग्न झालं तेव्हा मी इथं पायी चढले होते. पुढं हा लहानपणी लई आजारी पडला, तेव्हा नवसाची म्हणून अनवाणी चढले. आणि आज ही अशी बसून आले. असं बिनकष्टाचं दर्शन लागू पडतं का रे?"

मागून सर म्हणाला, "आई, देवी काय हजेरी घेते का?"

उत्तर झकास होतं, काकूही किंचित हसल्या. पण त्यांचं समाधान झालं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझंही नाही. आपण अशा वेळी चटकन म्हणून टाकतो, "भाव महत्त्वाचा, बाकी काही नाही." भावच सगळं असेल, तर आम्ही चौघं तरी घाम गाळत का चढलो? भाव तर घरी देव्हाऱ्यासमोर बसूनही असतो. बरं, कष्टालाच किंमत आहे म्हणावं, तर ज्यांचे गुडघे गेलेत त्यांच्यासाठी देवीचा दरवाजा दरवर्षी थोडा थोडा बंद होत जातो असं म्हणावं लागेल. दोन्हीकडे काहीतरी चुकतंय. म्हणून आज तपाचे श्लोक.

चौदाव्या श्लोकात भगवंत शरीराचं तप सांगतात. हा श्लोक मी पूर्वी कितीतरी वेळा वाचलाय, पण या वेळी यादी म्हणून वाचला. देव, द्विज, गुरू आणि ज्ञानी यांचं पूजन. शुचिता. सरळपणा. ब्रह्मचर्य. अहिंसा. संपली यादी. शरीराचं तप म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे जे येतं, उपास, अनवाणी चालणं, डोंगर चढणं, थंड पाण्याची आंघोळ, त्यातलं एकही इथे नाही. पाय दुखले पाहिजेत असं कुठेच म्हटलेलं नाही. उलट याच अध्यायात आधी, पाचव्या-सहाव्या श्लोकांत, दंभाने आणि अहंकाराने घोर तप करून शरीर कष्टवणाऱ्यांबद्दल भगवंत चांगलेच कडक बोलतात. असे लोक शरीरातल्या भूतांना तर पीडा देतातच, आत बसलेल्या मलाही देतात, असा त्याचा आशय. काकूंनी ते गुडघे घेऊन केवळ हट्टाने पायऱ्या धरल्या असत्या, तर काय झालं असतं? देवी वर कपारीत आहे आणि त्या गुडघ्यांच्या आतही आहे, हे एकदा मानलं की पुढचं सांगावं लागत नाही.

पण मग चालणं गीतेतून बादच झालं का? इथे मला माउलींकडे जावंसं वाटतं, आणि ते जाणं आमच्यासाठी लांबचं नाही. ज्या नेवाशात खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ते नेवासा आमच्या शेजारचाच तालुका. शाळेच्या सहलीला पैसाचा खांब पाहिलेला असतो, त्या वयात त्याचं काही वाटत नाही. आता या चौदाव्या श्लोकावरच्या ओव्या वाचताना वाटतं की हे सांगणाऱ्याने यात्रेला निघालेली माणसं जवळून पाहिली असणार.

माउली शरीराच्या तपाची सुरुवातच पायांपासून करतात. आवडत्या दैवताच्या मंदिरी यात्रेला जायचं म्हणून पाय आठही प्रहर राबवायचे, असं ते म्हणतात. मूळ श्लोकात नसलेले पाय माउलींनी आणले. पंढरीची वाट ज्यांच्या घराण्यात होती त्यांना पाय विसरता येणंच शक्य नव्हतं, असं आपलं मला वाटतं. पुढे हात येतात, देवाचं अंगण सजवणारे, पूजेचं साहित्य आणून देणारे. मूर्ती दिसताच काठीसारखं जमिनीवर पडणारं अंग येतं. म्हणजे चढणाऱ्यांनो, खुशाल चढा, तुमचं चालणं तपात धरलेलं आहे.

गंमत पुढे आहे. त्याच यादीत, काही ओव्यांच्या अंतरावर, प्रवासाने किंवा संकटाने अगदी शिणून गेलेल्या जिवांना सुखाला आणणं हेही शरीराचं तप म्हणून येतं. आणि आई-वडील ही सगळ्या तीर्थांत अग्रभागी असलेली तीर्थं, त्यांच्या सेवेत आपलं शरीर ओवाळून टाकावं, हेही येतं. माउलींनी पायी यात्रा आणि आई-बापाची सेवा एकाच दोरीत ओवली आहे. तेव्हा रविवारी गडावर तप नेमकं कुणी केलं, याचा हिशेब मांडायला बसलो तर तो मेडिकलवाल्याच्या हिशेबापेक्षा वेगळा निघतो. आम्ही चौघांनी पाय राबवले. सरने घाटाच्या प्रत्येक वळणावर आई कुठे आपटू नये म्हणून गाडी हळू घेतली, ट्रॉलीच्या रांगेत तिच्यासाठी बसायला जागा शोधली, आतल्या गर्दीत तिच्यामागे दोन हात पसरून उभा राहिला. त्याचं दर्शन डिस्काउंटमधलं असेल तर फुल रेट कशाला म्हणायचं?

प्रवासाने शिणलेल्या जिवांवरून आमच्या भागात पहिली आठवण नाथ महाराजांचीच येणार. पैठण शेवगावहून जवळ. आषाढीला त्यांची पालखी निघते तेव्हा आमच्या तालुक्यातून जाते. काशीहून गंगेची कावड रामेश्वराला निघालेली, वाटेत तापलेल्या वाळवंटात तडफडणारं गाढव दिसलं, आणि एकनाथांनी कावडीतलं पाणी त्याच्या तोंडात ओतलं. ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो आणि प्राणिमात्रांवर दया करावी असा तिचा अर्थ लावून पुढे जातो. जरा त्या चालण्याच्या बाजूने बघा. इतके दिवस पायी, खांद्यावर कावड, एक थेंब सांडू नये म्हणून जपत आणलेली. कष्टांची म्हणून जी काही पुंजी असते ती सगळी त्या पाण्यात होती. ती एका घोटात गेली आणि एकनाथांना तोटा झाला असं वाटलं नाही, रामेश्वराला अभिषेक पोचला असंच वाटलं. कोजागरीला सप्तशृंगीलाही अशाच कावडी येतात, नद्यांचं पाणी घेऊन, लांबलांबून चालत. त्या बघितल्या की मला हटकून ते गाढव आठवतं.

आता पंधरावा श्लोक, कारण तो लगेच पुढे आहे आणि त्याचं लगेच पुढे असणं मला मोलाचं वाटतं. शरीराच्या तपानंतर वाणीचं तप. कुणाच्या मनाला टोचणार नाही असं, खरं, गोड आणि हिताचं बोलणं. गड चढून वर पोचलेल्या माणसाची पहिली परीक्षा तोंडाची असते, पायाची संपलेली असते. दम लागलेला, छाती भरून आलेली, आपण काहीतरी केलंय ही भावना अगदी ताजी, आणि समोर ट्रॉलीतून न घामेजलेले लोक उतरताहेत. तिथे जीभ सैल सुटते. आमच्या मेडिकलवाल्याचा स्वभाव लोण्यासारखा आहे, गावात रात्री दोन वाजता शटर उघडून औषध देणारा माणूस तो. त्याला कुणाला दुखवायचं नव्हतं. पण त्या वाक्याने काकूंच्या मनात जे टोचलं, ते टोचलंच.

अठराव्या श्लोकात तर आपली पिढीच आहे. मान मिळावा, सत्कार व्हावा, लोकांनी पूजा करावी म्हणून दंभाने केलेलं तप ते राजस. ते चंचल असतं, टिकत नाही. नांदुरीतून निघतानाच आमच्यापैकी एकाने मनगटावरच्या घड्याळात वर्कआउट सुरू केलं होतं. वर पोचल्यावर पावलं, कॅलरी, चढण, सगळं स्टेटसला. चोवीस तासांनी स्टेटस आपोआप जातं, म्हणजे भगवंतांनी 'टिकत नाही' म्हटलेलं अगदी अक्षरशः खरं. (चेष्टा सोडा, घड्याळाने मोजायला माझी ना नाही. आमचा धंदाच मोजण्याचा. फक्त त्या आकड्याचं देवीला काही करायचं नसतं.)

मोजायचंच म्हटलं तर हिशेब सरळ करून बघू. पायऱ्यांवर पुण्य ठरत असेल, तर गडावरचे सेवेकरी आणि पुजारी, जे वर्षानुवर्षं दिवसाला कितीतरी वेळा त्या पायऱ्या चढतात-उतरतात, त्यांच्यापुढे वर्षातून एकदा येणारे आपण कुठे बसतो? गिरनारला गेलेल्यांना दुसरं उदाहरण माहीत आहे. तिथे डोलीत बसणाऱ्याचं वजन करतात आणि त्यावर पैसे ठरतात. कष्ट डोलीवाल्यांचे, दर्शन बसलेल्याचं. पायऱ्यांचंच पुण्य असेल तर ते सगळं त्या खांद्यांवर जमा व्हायला हवं. कदाचित होतही असेल, कोण जाणे. पण मग बसलेल्याला 'तू काही केलं नाहीस' म्हणणाऱ्याने आधी त्या खांद्यांना नमस्कार करावा.

आणि या पायऱ्या तरी काय आहेत? सप्तशृंगीच्या पायऱ्या मराठ्यांच्या सेनापती घराण्यातल्या उमाबाई दाभाडे यांनी अठराव्या शतकात बांधून घेतल्या असं सांगतात. त्याच्या आधी लोक खडकाला धरून, झाडामुळांना लोंबकळून वर जात असणार. पहिल्यांदा पायऱ्या झाल्या तेव्हा एखाद्या जुन्या भाविकाने नक्की म्हटलं असेल, "आता काय, कुणीही जाईल!" गिरनारच्या पायऱ्यांसाठी तर जुनागढ संस्थानाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी चक्क लॉटरी काढली होती. आज आपण ज्याला कष्टाचा मार्ग म्हणतो, तो कधीकाळी कुणीतरी केलेली सोयच होती. आपल्याआधी कुणीतरी दगड फोडले, वाहिले, बसवले, म्हणून आपण चढतो. ट्रॉलीसाठीही कुणीतरी त्या उतारावर उन्हात रूळ बसवले. बिनकष्टाचं दर्शन असं काही नसतंच. कष्ट असतातच, फक्त दर वेळी ते आपले नसतात.

ट्रॉलीतून उतरताना मी खिडकीतून बघत होतो. फ्युनिक्युलरमध्ये दोन डबे असतात, एकाच दोराच्या दोन टोकांना. एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो. खाली येणाऱ्याच्या वजनाने वर जाणाऱ्याला हातभार लागतो, मोटरला फक्त दोन्हींतला फरक आणि घर्षण सांभाळायचं असतं. मधल्या टप्प्यावर वर जाणारा डबा आमच्या शेजारून गेला. त्यात एक बाळंतीण होती, एक आजोबा होते, कॉलेजची पाच-सहा पोरं सेल्फी काढत होती. दर्शन घेऊन उतरणाऱ्या काकूंचं वजन त्यांना वर ओढत होतं. हे मी काकूंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हंजे माझं वजन कामाला आलं म्हणायचं!" आणि या वेळी खरंच हसल्या.

इथवर वाचून कुणी म्हणेल, म्हणजे चालणं आणि बसून जाणं सारखंच. तसं मी म्हणत नाही. सारखं असतं तर पुढच्या वर्षीही मी पायीच चढणार हे इतक्या खात्रीने सांगितलं नसतं. ज्याचे पाय धड आहेत, ज्याच्यावर कुणाची जबाबदारी नाही, ज्याला वेळ आहे, त्याने चढावं असंच माझं मत आहे. देवीला त्यातून जास्त काही मिळतं म्हणून नव्हे. चालण्याने माणसाचं बोलणं हळूहळू संपत जातं, हा मला त्यातला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. पहिल्या अर्ध्या तासात आमचं राजकारण झालं, कपाशीचे भाव झाले, कोणाच्या कंपनीत किती जणांना काढलं ते झालं. नंतर चढ वाढला आणि एकेक विषय गळून पडला. शेवटी फक्त श्वासांचा आवाज उरला, आणि कुणीतरी न ठरवता नाव घ्यायला लागलं. गाडीत हे होत नाही. गाडीत गाणी लागलेली असतात, माणूस मोबाइलमध्ये असतो, आणि देवीचं दार अचानक समोर येतं. सोळाव्या श्लोकात मनाच्या तपात मौन आहे. डोंगर चढताना ते आपोआप साधतं, बैठक घालून बसलो तर मला पाच मिनिटंही साधत नाही.

दुसरं असं की मित्रांबरोबर चढताना वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा धरावा लागतो. आमच्यातला बँकवाला दर पन्नास पावलांना थांबत होता. पुढे निघून जाणं सोपं होतं. पण त्याच्याबरोबर थांबल्यावर दरीतलं ऊन दिसलं, समोरचा मार्कंडेय डोंगर दिसला. सतराव्या श्लोकात सात्त्विक तपाची खूण म्हणून श्रद्धा आणि फळाची इच्छा नसणं या गोष्टी येतात. फळाची इच्छा नसणं म्हणजे काय हे ग्रंथ वाचून मला कधी नीट समजलं नाही. पन्नास पावलांना थांबणाऱ्या मित्राबरोबर विनातक्रार थांबताना थोडंसं समजतं. वर कधी पोचायचं हा प्रश्नच मनातून जातो.

राहिला काकूंचा नवस. मुलगा बरा होऊ दे, अनवाणी येईन. हे तर सरळ फळाच्या इच्छेने केलेलं तप. आपल्यासारखे नव्याने वाचायला लागलेले लोक नवसाला नाक मुरडतात, देवाशी सौदा वगैरे म्हणतात. सप्तशृंगीवरून लिहितोय तर उत्तर सप्तशतीतच शोधलं पाहिजे. तिच्या शेवटच्या अध्यायात राजा सुरथ आणि समाधी नावाचा वैश्य आहेत. एकाचं राज्य गेलेलं, दुसऱ्याला घरच्यांनी पैशासाठी बाहेर काढलेलं. दोघं एकाच नदीकाठी, देवीची मातीची मूर्ती करून, तीन वर्षं सारखंच तप करतात. कष्टात काडीचा फरक नाही. देवी प्रसन्न होते आणि माग म्हणते. सुरथ राज्य मागतो. समाधी ज्ञान मागतो, 'मी' आणि 'माझं' ही गाठ सोडवणारं. देवी दोघांनाही देते.

या कथेवर मी पुष्कळ विचार केलाय. तप सारखं असूनही फळ वेगळं, कारण मागणं वेगळं. हा एक भाग. पण देवी सुरथाला एका शब्दाने बोलत नाही, हा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तुझं तप व्यापारी आहे, हलक्या दर्जाचं आहे, असं ती म्हणत नाही. ज्या आईने आजारी पोरासाठी अनवाणी गड चढला, तिला राजस-तामसाची वर्गवारी ऐकवायचा अधिकार मला तरी नाही. ते पोर आज पन्नाशीकडे झुकलंय आणि तिला हाताला धरून ट्रॉलीत बसवतंय. त्या अनवाणी चढण्याचं जे काही झालं ते झालंय. आजचं बसून येणं त्यातून वजा होत नाही.

आणि काकूंच्या मूळ प्रश्नाला गडावरच्या मूर्तीनेच उत्तर दिलेलं आहे असं मला वाटतं. सप्तशृंगीची मूर्ती खडकात कोरलेली, आठ फूट उंच, अठरा हातांची. २०२२ मध्ये तिच्यावरचं वर्षानुवर्षांचं शेंदराचं कवच उतरवलं, तेव्हापासून तिचं मूळ रूप दिसतं. तिची मान एका बाजूला किंचित कललेली आहे. का, तर समोरच्या डोंगरावर बसून मार्कंडेय ऋषी सप्तशतीचा पाठ करत आणि देवी तो कान देऊन ऐके, अशी श्रद्धा आहे. म्हणूनच समोरच्या डोंगराचं नाव मार्कंडेय. लक्षात घ्या, ज्याचं म्हणणं ऐकण्यासाठी देवीने मान वळवली, तो कथेत तिच्या गडावर चढून आलेला नाहीच. तो दरीच्या पलीकडे बसलेला आहे. मधल्या अंतराची भरपाई देवीने स्वतः केली, जितकी मान कलेल तितकी. पायी आलेले, गाडीने आलेले, ट्रॉलीतून उतरलेले आणि यंदा गुडघ्यांमुळे घरीच राहिलेले, सगळ्यांना ती त्याच कललेल्या मानेने भेटते.

अजून एक गोष्ट, जी गडावर जाणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसते. देवीचं मंदिर शिखरावर नाही, कड्याच्या कुशीत आहे. वर खरं शिखर राहतंच. तिथे वर्षातून दोनदा, चैत्रोत्सवात आणि नवरात्राच्या शेवटी, ध्वज लागतो. तो मान पायथ्याच्या दरेगावातल्या एका घराण्याकडे आहे. रात्रीच्या वेळी, जिथे नीट वाट म्हणावी अशी वाटच नाही अशा कड्याने ते चढतात आणि ध्वज लावून येतात. सकाळी खाली जमलेले हजारो लोक मान वर करून तो ध्वज बघतात आणि हात जोडतात. त्या वेळी गर्दीत कोण खानदेशातून पाच दिवस चालत आलंय आणि कोण सकाळच्या एसटीने, हे ओळखू येत नाही. शिखरावर त्यांच्यापैकी कुणीच गेलेलं नसतं.

उद्याचा पाठ : श्लोक २० ते २२, दानाचे तीन प्रकार. ज्यांच्याकडे ज्ञानेश्वरी आहे त्यांनी या श्लोकांवरच्या ओव्या आधी वाचून ठेवा, उद्या त्यातल्या देश आणि काळ या दोन शब्दांवरच थांबायचं आहे.

राम कृष्ण हरी.